कालवांचं बोलावणं

उल्हास तारीला ज्या पाइपाने गिळलं, त्याच पाइपाला आतून रंग लावायचं काम वर्षभराच्या आत त्याच्या लेकीकडे, शमिकाकडे आलं. काम घेऊन येणाऱ्या माणसाला ती त्याची लेक आहे हे ठाऊक नव्हतं. शमिकाला मात्र तो माणूस नावासकट आणि त्याच्या एका वाक्यासकट ठाऊक होता.

तारवळीच्या खाडीच्या तोंडाशी गोड्या पाण्याचा कारखाना उभा राहिला तेव्हा शमिका बाहेरगावी शिकत होती. समुद्राचं पाणी आत ओढायचं, त्यातलं मीठ वेगळं काढायचं आणि उरलेलं गोडं पाणी डोंगरापलीकडच्या शहरांच्या नळांना सोडायचं, असं ते काम. पाणी ओढणारा पाइप एवढा रुंद की त्यातून रिक्षा आरामात गेली असती. पण समुद्रात बुडवलेली कुठलीही वस्तू फार दिवस एकटी राहत नाही. आधी शेवाळाचा बुळबुळीत थर येतो, मग बारीक शंखले, मग कालवं. कालव म्हणजे शिंपल्यातला तो गुबगुबीत जीव. एकदा का शिंप दगडाला चिकटली की चिकटली. वर्षभरात पाइप आतून असा भरायचा की पंप धापा टाकायला लागायचे. मग गावातले पाणबुडे आत शिरून ते सगळं खरवडून काढायचे. उल्हास त्यांचा मुकादम होता.

या पाणबुड्यांची एक रीत होती. खाली उतरणाऱ्याने पंपाची किल्ली कमरेला बांधूनच उतरायचं. किल्ली पाण्याखाली गेली की वर कितीही मोठा साहेब उभा असो, पंप चालू होणं शक्य नाही. कंपनीच्या कुठल्याही नियमात हे नव्हतं. पण किल्ली कमरेला नसलेला माणूस पाण्यात उतरलेला तारवळीने कधी पाहिला नव्हता.

मग एके दिवशी कारखान्याचे मोठे इंजिनीअर अनिकेत सरनोबत यांनी धक्क्यावर उल्हाससमोर हात पसरला. म्हणाले, "किल्ली राहू दे इथे. लागली तर शोधायची कुठे?"

उल्हास थांबला.

"काय हो उल्हासराव, माझ्यावर विश्वास नाही का?"

आदल्याच रविवारी सरनोबत उल्हासच्या घरी जेवून गेले होते. तळलेला सरंगा बोटं चाटून खाल्ला होता, सोलकढी तीनदा मागून घेतली होती. आपल्या पानावर जेवलेल्या माणसाला 'नाही' कसं म्हणायचं, हे उल्हासला आयुष्यात कधी जमलं नाही. तो हसला. कमरेची गाठ सोडली आणि किल्ली त्या पसरलेल्या हातावर ठेवली.

पंप सुरू झाला तेव्हा तो पाइपात होता.

कंपनीने जाहीर केलं की पाणबुडा दारू पिऊन, न विचारता पाण्यात उतरला. ज्या माणसाने शिमग्यालाही कधी ग्लास हातात धरला नव्हता, त्याच्या नावावर ती बाटली कायमची चिकटली. हे सगळं शमिकाला सांगितलं ते संदेशकाकाने. त्या दिवशी धक्क्यावर उल्हासची दोरी त्याच्याच हातात होती.

"पंप धरायच्या आधी पाइप दात वाजवता गो," संदेशकाका म्हणाला होता. "आतली झडप हलता ना, तेचो आवाज. कटकट, कटकट. तेवढ्यात माणूस भायर इलो तर इलो. तुज्या बापाशीन तो आवाज ऐकलो असतलो."

तेव्हा शमिकाला पाचवा महिना चालू होता. नवरा बोटीवर, जगाच्या दुसऱ्या टोकाला. ती माहेरी आईजवळ राहिली, लेकीला जन्म दिला, आणि ऊर्मी चार महिन्यांची झाल्यावर तालुक्याच्या सागरी संशोधन केंद्रात पुन्हा कामावर जायला लागली. तिथे ती शमिका मोंडकर होती. तारी हे आडनाव तिथे कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

तिच्या कामाचा विषयच कालवं होता.

कालवाचं पिल्लू जन्माला येतं ते डोळ्यांना दिसणारही नाही एवढं. पंधरा-वीस दिवस ते पाण्यात तरंगत हिंडतं. मग त्याला आयुष्यातला एकच निर्णय घ्यायचा असतो, बसायचं कुठे. एकदा बसलं की सिमेंटसारखा चीक सोडून ते स्वतःला तिथे डकवून घेतं आणि मरेपर्यंत हलत नाही. एवढा मोठा निर्णय ते कशाच्या जोरावर घेतं, हे शमिकाने शोधून काढलं होतं. ते वास घेतं. तिची आई आणि वाडीतल्या बायका कालवं काढतात तेव्हा कोयत्याच्या टोकाने वरची शिंप उडवतात, आतलं मांस वाटीत घेतात, आणि खालची शिंप दगडाला तशीच राहते. त्या उरलेल्या शिंपेतून प्रथिनाचा एक बारीकसा तुकडा वर्षानुवर्षं पाण्यात झिरपत असतो. पिल्लाला तो लागला की त्याला कळतं, इथे आपलं कुणीतरी राहून गेलंय, म्हणजे इथे राहता येतं. पुढच्या हंगामात त्याच दगडावर नवी वस्ती होते. बायका काढतात, शिंपा बोलावतात, पिल्लं येतात. माणूस आणि कालव यांचं हे येणं-जाणं त्या खडकांवर कुणाच्या पणजीच्याही आधीपासून चाललेलं होतं.

तो तुकडा शमिकाने प्रयोगशाळेत बनवला. त्याचं शास्त्रीय नाव ओळभर लांब होतं. ती त्याला नुसतं बोलावणं म्हणायची. प्रथिन म्हणजे रेणूंच्या मण्यांची माळच; मग त्या माळेतला एक मणी बदलून तिने उलटा तुकडाही बनवला. तो लागला की पिल्लू शहारून दूर पळायचं. हा नकार.

सरनोबतांना हवा होता नकार.

ते केंद्रात आले त्या दिवशी आई खडकावर गेली होती, म्हणून ऊर्मी शमिकाच्या कडेवर होती. भिंतीलगतच्या काचेच्या टाकीत कालवं शिंपा किलकिल्या करून बसली होती. ऊर्मीने दिव्याच्या आड हात नेला, टाकीवर सावली पडली, आणि सगळ्या शिंपा एकदम मिटल्या. कट्ट. पोर खुदखुदून हसली.

"घाबरली वाटतं तिला," सरनोबत म्हणाले.

"सावली पडली की दार लावून घेतात. वरून मासा आला असं वाटतं त्यांना. उजेड असला की उघडतात, एकदम गेला की मिटतात."

"हुशार आहेत. आमच्या पाइपात मात्र अक्कल चालवू नये त्यांनी." ते स्वतःच्याच बोलण्यावर हसले. "मॅडम, तुमचा रंग लागला की पाणबुड्यांची कटकट कायमची गेली. माणूस खाली उतरला की जबाबदारी आपल्यावर येते. उरलंसुरलं साफ करायला यंत्र घेतलंय, खेकड्यासारखं भिंतीवरून चालतं."

"कुणाला काही झालं होतं का?"

"एक होता. पिऊन उतरला. या लोकांना सांगून कळत नाही हो."

शमिकाने पाठ फिरवली आणि टाकीतली पाण्याची नळी उगाचच नीट केली. ऊर्मीने तिचा कान ओढला. तिने तो ओढू दिला. दुखत होतं, बरं वाटत होतं.

"लावू आपण रंग," ती म्हणाली. "मी स्वतः उभी राहून लावून घेईन."

पिंपं दोन प्रकारची होती, काहींत नकार, काहींत बोलावणं. दोन्हींतला रंग राखाडी, दोन्हींना वास तोच. कारखाना दुरुस्तीसाठी बंद झाला, पाइप रिकामा केला गेला, आणि शमिका हेल्मेट घालून आत उभी राहिली. मजुरांनी तिच्या देखत पाइपाच्या तोंडापासून आतल्या झडपेपर्यंत भिंतीला बोलावणं फासलं. या. इथे तुमची माणसं राहून गेलीत. आणि ते खोटंही नव्हतं. तिचा बाप इथेच राहिला होता.

तिचा बेत साधा होता. कुणाच्या केसालाही धक्का लागायला नको. फक्त आपला कारखाना, आपला पाइप, आपलं यंत्र, असं म्हणणाऱ्या माणसाच्या घशात खाडीने बसायचं. पंप एक दिवस आपोआप थांबतील. मग नकाराचा रंग फसला म्हणून ते ओरडतील, आणि ती म्हणेल, जीवांचं काही सांगता येत नाही, सर.

पावसाळा सरला आणि कालवांचा हंगाम आला. रंगाची जबाबदारी तिच्याकडे असल्यामुळे पंपावर पडणाऱ्या ताणाचे आकडे रोज तिच्या फोनवर यायचे. ऊर्मीला मांडीवर घेऊन पाजताना ती ते बघायची. पोर चुटूचुटू दूध ओढायची, एक हात आईच्या गळ्यातल्या मण्यांत अडकवून, आणि फोनवरची रेघ कणाकणाने वर चढायची. तिकडेही लाखो तोंडं उघडी होती. पंप खाडीचं पाणी ओढत होते आणि त्या पाण्यातलं अन्न आयतं प्रत्येकाच्या दारात जात होतं. त्यांना भरवत सरनोबतच होते. शमिकाला हसू यायचं. ऊर्मीचं वजन वाढलं की ती आईला सांगायची. रेघ वाढली की कुणालाच सांगायची नाही. पण आनंद दोन्हींचा सारखाच व्हायचा. हे बरोबर नाही एवढं तिला कळत होतं. थांबावंसं मात्र वाटत नव्हतं.

ऊर्मी भिंतीला धरून उभी राहायला लागली त्या सुमारास यंत्रखेकडा पाइपात अडकला. पंप निम्म्या ताकदीवर आले. डोंगरापलीकडे नळाला करंगळीएवढी धार यायला लागली. तिथेही कुणाची तरी बाळाची दुपटी धुवायची राहिली असतील, असा विचार एकदा शमिकाच्या मनात येऊन गेला. तिने तो ढकलून दिला.

ढकलता आलं नाही ते आईचं परत येणं.

वासंती, म्हणजे शमिकाची आई, खडकावरून आली आणि टोपली ओट्यावर पालथी घातली. त्यातून काहीच पडलं नाही. थोडी वाळू सांडली.

"औंदा खडकार पोरंच बसाक नाय गो," ती म्हणाली. "म्हातारी कालवं तेवढी आसत. ती काढली तर फुडे काय?"

"एकही नाय?"

"सगळ्यो बायल्यो तेच बोलतत. तीन खडक फिरलंय. शिंपा आसत तशे आसत, पण बोट फिरवलां तर गुळगुळीत." तिने नातीला उचलून घेतलं, तिच्या पोटावर नाक घासलं. "तुझो आजो असतो तर बुडान बघून इलो असतो, काय झालां ता."

शमिकाने फोन ओट्यावर पालथा ठेवला. कारण तिला कळलं होतं.

प्रयोगशाळेतल्या टाकीला भरती-ओहोटी नसते. तिने हिशेब केला तो टाकीतला. पाणी पाइपात आत जाणार, म्हणजे बोलावणंही आतच राहणार. पण कारखान्याचे पंप दिवसातून काही वेळ मंद होत, आणि त्याच वेळी ओहोटी लागली की पाइपाच्या तोंडावरचं पाणी उलटं खाडीत पसरे. बोलावणं घेऊन. खाडीभर हिंडणाऱ्या पिल्लांना ते लागायचं. ती खाली उतरायची, वासाचा माग काढत तोंडाशी गोळा व्हायची, आणि पंपांनी जोर धरला की सगळी आत. खडकावरच्या जुन्या शिंपा बिचाऱ्या हळू बोलत होत्या. ही भिंत ओरडत होती.

तिने सरनोबतांच्या पाइपात त्यांचा शत्रू बसवला नव्हता. आपल्या आईच्या खडकावरची पोरं उचलून नेऊन तिथे बसवली होती.

"आये," ती म्हणाली, आणि ओट्यावर सांडलेली वाळू बोटाने गोळा करायला लागली. वासंतीने नातीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

तेवढ्यात दारात संदेशकाका येऊन उभा राहिला.

"सायबान बोलावल्यान आसा," तो म्हणाला. "उद्या पाइपात उतराक सांगता. यंत्र काढूचा आसा."

"आणि किल्ली?"

"वरच रवतली म्हणता. आता नियमच झालो तसो."

"आणि तू काय म्हटलंस?"

"मी काय म्हणतलंय? पोराची नोकरी तिकडेच आसा." काकाने जमिनीकडे बघितलं. "बघूया."

शमिकाला वाटलं, कुणीतरी आपल्या छातीवर हात ठेवून आपल्याला मागे ढकललं. पाइप भरला की माणूस उतरवावा लागतो. बापाला मारलं ते याच क्रमाने. आणि या खेपेला तो क्रम तिने, स्वतःच्या हाताने, राखाडी रंगाने, पुन्हा मांडून दिला होता.

"तू उतरू नको, काका," ती म्हणाली. "मी येतंय उद्या. फक्त एक कर. साहेब उतरले तर मी उतरतो, एवढंच म्हण. पुढचं माझ्यावर सोड."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. धक्क्यावर कारखान्याची माणसं, सहा पाणबुडे आणि हातात फोन घेऊन फेऱ्या मारणारे सरनोबत. राजधानीतून कुणीतरी त्यांना दर थोड्या वेळाने झापत होतं. पंप बंद करून ठेवलेले होते. पंपाच्या खोक्याला किल्ली लटकत होती.

"चला, संदेश. वेळ नको."

"साहेब, तुमचो खेकडो आत जावन बसलो," संदेशकाका म्हणाला. "आता तेका भायर हाडूक तेची बायल, कुर्ली धाडा."

पाणबुडे हसले. कारखान्याची दोन माणसंही हसली आणि मग गप्प झाली.

"थट्टा पुरे."

"थट्टा नाय. आधी तुमी उतरा. तुमी बुडूक शिकलेले, फोटोय आसत तुमचे माशांबरोबर. आत सगळा बरोबर आसा म्हणान सांगलात, की मी आसंयच."

सरनोबतांनी शमिकाकडे पाहिलं, जणू शिकलेल्या माणसाने शिकलेल्या माणसाची बाजू घ्यावी. शमिका शांतपणे म्हणाली, "खरं तर रंग किती शिल्लक आहे हे बघायला कुणीतरी जबाबदार माणूस आत जायलाच हवा, सर. मलाच जावं लागलं असतं, पण बाळ अंगावर पितं. रंगात खूण घातलेली आहे. मधोमध पोचलात की दिवा विझवा. जिथे रंग असेल तिथे भिंत निळसर चमकेल."

असली कुठलीही खूण रंगात नव्हती.

सगळे बघत होते. सरनोबतांनी कोट काढला. डायव्हिंगचा पोशाख चढवला, हवेची नळी लावून घेतली, बोलायची तार मुखवट्याला जोडली. त्या तारेचं दुसरं टोक धक्क्यावरच्या स्पीकरला होतं, खालचा प्रत्येक श्वास वर ऐकू यावा म्हणून. शिडीशी पोचल्यावर ते थबकले आणि खोक्याकडे आले. हात किल्लीकडे गेला.

शमिकाने त्यांच्या आधी ती काढून घेतली.

"माझ्याकडे द्या ती," ते म्हणाले.

"का हो सर?" शमिका म्हणाली. "आमच्यावर विश्वास नाही का?"

सरनोबतांनी पुढे केलेला हात मागे घेतला. ते वाक्य आपण कुठे ऐकलंय हे त्यांना आठवत नव्हतं. कारण त्यांनी ते ऐकलं नव्हतंच, म्हटलं होतं. कारखान्याची माणसं बघत होती, पाणबुडे बघत होते. नियम त्यांनीच केला होता. ते कसनुसं हसले आणि शिडीकडे वळले.

ते पाण्यात कमरेपर्यंत उतरलेले असताना वासंती आली. कडेवर ऊर्मी, डोक्यावर पदर. लेक सकाळीच न सांगता निघून गेली म्हणून ती मागोमाग आली होती.

"आये, उन्हात नको थांबू," शमिका म्हणाली. "इकडे ये, माझ्याजवळ."

सरनोबतांनी त्या बाईकडे पाहिलं. हिच्या हातची सोलकढी त्यांनी तीनदा मागून घेतली होती. मग त्यांनी शमिकाकडे पाहिलं, तिच्या मुठीकडे पाहिलं. मुखवट्याच्या काचेआड त्यांचे डोळे मोठे झाले. पण संदेशकाकाने दोरी सैल सोडली होती आणि वर येऊन, इतक्यांच्या देखत, किल्ली मागायला लागणारं तोंड त्यांच्याकडे नव्हतं.

ते खाली गेले.

स्पीकरमधून श्वास ऐकू यायला लागले. "तोंडाशी आहे. सगळं भरलंय. फार भरलंय." श्वास. "आत शिरतोय." श्वास. "यंत्र दिसतंय. दिवा मारतोय... सगळी उघडी आहेत. भिंतभर उघडी आहेत."

"थोडं थांबा तिथेच," शमिका स्पीकरच्या माइकमध्ये म्हणाली. तिचा आवाज प्रयोगशाळेतला होता. "उजेडाची सवय होऊ दे." मग ती म्हणाली, "आता विझवा."

खाली दिवा विझला.

एकदम काळोख पडला की कालवं काय करतात हे ऊर्मीलाही ठाऊक होतं. लाखभर शिंपा एका क्षणात मिटल्या. त्या बंद नळकांड्यात तो आवाज भिंतीवरून भिंतीवर आपटत, वाढत, स्पीकरमधून धक्क्यावर आला. कटकटकटकट. पाणबुड्यांचे चेहरे पांढरे पडले. पाइप दात वाजवत होता.

"पंप," सरनोबत ओरडले. "पंप लागला. बंद करा. बाई, तारीबाई, बंद करा तो." श्वास तुटत होते. "मी चालू केला होता. मीच. पाहुणे आले होते, त्यांना धार दाखवायची होती, मला वाटलं तो बाहेर आलाय... मी विचारलंच नाही. तो प्यायला नव्हता. ते मी नंतर म्हटलं. ऐकताय ना? तो प्यायला नव्हता. मला वर घ्या."

धक्क्यावर कुणी हललं नाही. वासंतीने डोळे मिटले होते. ज्या वाक्यासाठी ती सव्वा वर्ष जगली, ते असं चिरक्या आवाजात, पाण्यातून आलं होतं.

शमिकाला एवढंच हवं होतं. बापाच्या नावावरची बाटली पुसली गेली होती, सगळ्यांच्या कानांदेखत. आता संपायला हवं होतं.

संपत नव्हतं. खालचा आवाज ऐकताना तिला कळलं की त्याने आपली भूक भागली नाही, वाढली. तिने खाली बघितलं. किल्ली खोक्यात होती. ती कधी घातली हे तिला आठवत नव्हतं. अंगठा आणि बोट तिच्यावर होतं, आणि किल्ली निम्मी फिरलेली होती. उरलेली निम्मी इतकी हलकी असेल असं तिला वाटलं नव्हतं.

हे फक्त वासंतीने पाहिलं. तिने हात पुढे केला नाही, नाव घेतलं नाही. ती लेकीच्या आणखी जवळ सरकली, एवढंच, इतकी की ऊर्मीचा पाय शमिकाच्या दंडाला लागला. चमकणारं काहीतरी दिसल्यावर पोरीने दोन्ही हात पसरले. "द्या," ती म्हणाली. तिला तेव्हा तो एकच शब्द येत होता.

शमिका लेकीच्या पसरलेल्या हातांकडे बघत राहिली. हात पसरणाऱ्याला किल्ली देऊन तिचा बाप गेला होता.

तिने किल्ली उलटी फिरवली. बाहेर काढली. मग ऊर्मीचं झबलं वर करून, तिच्या कमरेच्या काळ्या करदोड्याला ती बांधली, पाणबुडे बांधतात तशी दुहेरी गाठ मारून. पोरीने पोटाशी आलेलं गार लोखंड चाचपलं आणि खुशीत पाय झाडले. आता पंप लावायचा तर कुणालाही ऊर्मीच्या कमरेपर्यंत यावं लागलं असतं.

"काका," शमिका म्हणाली. "त्यांना वर घे."

पुढे जे झालं ते भराभर झालं, आणि काही अजून चालूच आहे. धक्क्यावरच्या अनेकांनी सरनोबतांचं बोलणं फोनवर टिपलं होतं. उल्हास तारीचा मृत्यू पुन्हा तपासाला घेतला गेला. रंगाचं खरं काय ते शमिकाने त्याच आठवड्यात स्वतः जाऊन सांगितलं. नाहीतर पुढचा पाणबुडा पुन्हा अंधारात उतरला असता. केंद्राने तिला काढून टाकलं. तिची आणि सरनोबतांची तारीख एकाच कोर्टात लागते. बाकावर दोघांच्या मधे एक जागा रिकामी असते आणि दोघंही समोर बघतात. तिला त्यांची कीव येत नाही. यावी असं तिने ठरवून पाहिलं, आली नाही.

पाइप रिकामा केला तेव्हा वाडीच्या बायका आत गेल्या. यंत्राने खरवडलं असतं तर सगळी मेली असती. त्यांनी कोयत्याच्या टोकाने एकेक झुबका जिवंत उचकटला, ओल्या गोणपाटात गुंडाळला आणि डोक्यावरून खडकांपर्यंत नेला. शमिकाने उरलेलं बोलावणं पाण्यात पातळ करून त्या गुळगुळीत दगडांवर फासलं, या खेपेला शिंपा बोलतात तेवढ्याच हळू आवाजात. पाइपाला नकार लागला. आणि किल्ली कमरेला बांधायची रीत आता कारखान्याच्या नियमांत पहिली आहे.

पुढच्या हंगामात, सकाळच्या ओहोटीला, वासंती दोघींना घेऊन खडकावर गेली. ऊर्मी आता चालत होती. दगडाच्या खळग्यात गुडघाभर पाणी साठलं होतं आणि त्याच्या तळाशी नखाएवढी नवी कालवं शिंपा किलकिल्या करून बसली होती.

ऊर्मी काठावर गेली. तिची सावली पाण्यावर पडली. कट्ट.

ती हसली आणि तिने मागे वळून आईकडे बघितलं, आईही हसेल म्हणून. शमिका हसली नाही. तो आवाज तिला आता वेगळाच ऐकू यायचा, त्यात कुणाचे तरी तुटलेले श्वास असायचे, आणि बोटांत निम्मी फिरलेली किल्ली.

"भियाली ती," वासंती नातीला म्हणाली. "तुझी सावली पडली तेंच्यार."

ऊर्मीने पाण्याकडे पाहिलं, आपल्या सावलीकडे पाहिलं. मग आपणहून दोन पावलं मागे सरकली, आणि आईचं बोट धरून, कालवं पुन्हा दार कधी उघडतात याची वाट बघत उभी राहिली.